काळा कोट, पांढरी टोपी

वकिली आणि राजकारण एकाच अंगावर वागवणाऱ्यांची, आणि त्यांच्या घरच्यांची, ही काही पत्रे. नावे गाळली आहेत. उत्तरांत नुसते 'नियम' म्हटले आहे तिथे वकिलांची देशपातळीवरची नियामक संस्था असलेल्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमावलीतील भाग 6, प्रकरण 2 समजावे.

प्रश्न : आमच्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागणार आहे. पॅनेलप्रमुख घरी येऊन बसतात, 'वकीलसाहेब, या खेपेला तुम्हीच.' उभा राहिलो तर सनद स्थगित करावी लागेल का? सात वर्षांची प्रॅक्टिस आहे, ती बुडवायची तयारी नाही. (सातारा)

उत्तर : सनद आहे तिथेच राहू द्या. नियम 49 पूर्णवेळ पगारी नोकरीला आडवा येतो, निवडून येण्याला नाही. आमदार-खासदारांना वकिली करू देऊ नये ही मागणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. 25 सप्टेंबर 2018 च्या निकालात न्यायालयाने ती फेटाळली. लोकप्रतिनिधीला मिळणारे वेतन-भत्ते म्हणजे मालकाने नोकराला दिलेला पगार नव्हे, हा त्यातला गाभा. निकाल संसद आणि विधिमंडळाच्या सदस्यांपुरता आहे, पण बैठकभत्त्यावर बसणाऱ्या ग्रामपंचायत सदस्याला कुणी पूर्णवेळ नोकर ठरवील असे आम्हाला वाटत नाही.

तुमची खरी अडचण नियम 8 आहे आणि ती पॅनेलप्रमुखाला ठाऊक नसते. ज्या संस्थेचा कारभार पाहणाऱ्या मंडळावर तुम्ही आहात, तिच्या बाजूने किंवा तिच्या विरुद्ध, कुठल्याही न्यायालयात वा अधिकाऱ्यापुढे तुम्हाला उभे राहता येत नाही. म्हणजे निवडून आलात की गावच्या पंचायतीची प्रत्येक फाईल हातून गेली. फॉर्म भरण्याआधी एका रविवारी कपाट उघडा आणि दाव्यांची शीर्षके शेवटपर्यंत वाचा. पंचायत स्वतः वादी आहे ते दावे चटकन दिसतात. निसटतात ते दुसरेच : भावकीच्या वाटपाचा किंवा वहिवाटीच्या रस्त्याचा दावा, ज्यात 'प्रतिवादी क्र. 4, ग्रामपंचायत, तर्फे ग्रामसेवक' असे शेवटी नावापुरते जोडलेले असते. तिची कैफियतही (दाव्याला लेखी उत्तर) आलेली नसते, म्हणून ती पार्टी आपण विसरून गेलेलो असतो. समोरचा वकील विसरत नाही. तुम्ही उलटतपासाला उभे राहिलात की त्याचा अर्ज खिशात तयार असतो. तहसीलदारापुढची अतिक्रमणाची आणि गटविकास अधिकाऱ्यापुढची नमुना आठच्या नोंदीची प्रकरणेही यातच आली.

या फाईली सोडताना 'कागद घेऊन जा' एवढे सांगून भागत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 3 नियम 4 प्रमाणे वकीलपत्र लेखी आणि न्यायालयाच्या परवानगीने संपवावे लागते. तोवर रेकॉर्डला वकील तुम्हीच. मध्ये तारीख पडली, कुणी हजर झाले नाही आणि एकतर्फा हुकूम झाला, तर अशील तुमच्याकडे बोट दाखवणार, आणि त्यात त्याचे काही चुकणार नाही. म्हणून आधी अशिलाला रजिस्टर पोस्टाने पत्र. त्यात पुढची तारीख, कोर्ट आणि तारीख कशासाठी नेमली आहे ते. न झालेल्या कामाची फी परत (नियम 12). नव्या वकिलाच्या वकीलपत्रावर तुमची ना-हरकत (नियम 39). मग वकीलपत्र मागे घेण्याचा अर्ज, पत्राची पोच जोडून. हे सारे तारखेच्या निदान पंधरा दिवस आधी, म्हणजे नव्या वकिलाला फाईल वाचायला सवड मिळते. फी थकली म्हणून फाईल अडवू नका. वकिलाचा अशिलाच्या कागदांवर तसा हक्क नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच सांगितले आहे.

आता अपात्रता. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14 खाली पंचायतीच्या कामात, करारात किंवा नोकरीत प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असला की हरकत येते. तुम्ही पंचायतीची कोर्टकामे पाहत असाल तर ते नाते फॉर्मच्या आधी लेखी संपवा. घरपट्टी-पाणीपट्टीचे बिल बजावल्यापासून तीन महिन्यांत भरले नाही तरीही अपात्रता आहे, तेव्हा पावत्या हाताशी हव्यात. आणि स्वतःचा फॉर्म दुसऱ्या वकिलाकडून तपासून घ्या. शपथपत्रातला रकाना कोरा सोडायचा नाही, 'निरंक' लिहायचे, हे आपण अशिलांना वर्षानुवर्षे सांगतो आणि आपल्या फॉर्ममध्ये घाईने तेच करतो.

निकालाला आव्हान द्यायचे तर कलम 15 खाली निकाल जाहीर झाल्यापासून 15 दिवसांत दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे अर्ज. अंगावरचा गुलाल निघेतो हे पंधरा दिवस संपतात. त्या अर्जात तुम्ही पक्षकार आहात, वकिलाचा पांढरा बँड गळ्यात लावून आपलीच बाजू मांडायला उभे राहू नका.

प्रश्न : एका पतसंस्थेचा संचालक आहे. संस्थेचे न वटलेल्या चेकचे खटले आणि 101 चे वसुली दाखले माझ्याच चेंबरमधून होतात. फी नावापुरती घेतो, कधी घेतही नाही. यात गैर काय? (तासगाव)

उत्तर : गैर आहे. फी न घेतल्याने काही बदलत नाही. विनामूल्य उभे राहण्याची जी सूट नियम 8 मध्ये आहे ती बार कौन्सिल, बार असोसिएशन आणि वकिलांच्या नोंदणीकृत संस्थेपुरती. पतसंस्था त्यात बसत नाही. सहकार अधिनियमाच्या कलम 101 चा वसुली दाखला सहायक निबंधकाकडे मागितला जातो, ते काही कोर्ट नव्हे, असा युक्तिवाद सांगलीकडे नेहमी कानी पडतो. नियमात 'इतर कोणताही प्राधिकारी' असे शब्द आहेत, त्यामुळे निबंधकही आत आला.

शिवाय नियम 13 बघा. कर्ज मंजूर करणाऱ्या ठरावावर संचालक म्हणून तुमची सही. कर्जदार म्हणाला, 'चेक कोरा दिला होता, तारण म्हणून', की ठराव, कर्जरोखा आणि चेक कुणासमोर झाला हा प्रश्न उलटतपासात येणारच. ज्या खटल्यात आपल्यालाच साक्षीला बोलावले जाईल अशी शक्यता दिसते तो मुळात घ्यायचा नाही. खटला यामुळे पडतो असे नाही, तक्रार संस्थेची असते. पण वकील बदलेपर्यंत दोन-चार तारखा वाया जातात आणि कर्जदाराला तेच हवे असते.

कागदावर ज्युनिअरचे नाव टाकून काम चेंबरमध्येच ठेवायची युक्ती आम्हाला पटत नाही. बाहेरचा वकील नेमा. सोपवताना चेकच्या प्रत्येक फाईलच्या पाठीवर लाल शाईने तीन तारखा लिहा : चेक न वटल्याचे बँकेकडून कळले ती, नोटीस कर्जदाराला मिळाली ती, आणि तिच्यावरचे 15 दिवस संपतात ती. पहिल्या तारखेपासून 30 दिवसांत नोटीस, तिसरी उलटल्यावर एक महिन्यात तक्रार. संचालक बदलतात, वकील बदलतात, ही मुदत कुणासाठी थांबत नाही. आणि दोन वकिलांच्या मधल्या हस्तांतरात सगळ्यात आधी तीच बुडते.

प्रश्न : कार्यकर्त्यांनी वाढदिवसाचे फ्लेक्स लावले. त्यावर माझा काळ्या कोटातला, बँड लावलेला फोटो आणि खाली 'फौजदारी तज्ज्ञ'. तक्रार होऊ शकते का? (वाई)

उत्तर : होऊ शकते, आणि बहुधा आपल्याच बाररूममधून, म्हणजे कोर्टातल्या वकिलांच्या खोलीतून, होते. नियम 7 प्रमाणे बँड आणि गाऊन कोर्टाबाहेर, समारंभाचे प्रसंग सोडून, सार्वजनिक ठिकाणी वापरायचे नाहीत. नियम 36 जाहिरातीला मनाई करतो. नावाच्या पाटीवरसुद्धा अमुक कामात विशेष असे लिहिता येत नाही, बारचा अध्यक्ष आहे वा होतो तेही नाही. 'फौजदारी तज्ज्ञ' हे दोन शब्द फोटोपेक्षा महागात पडतील. नावाआधी 'ॲड.' लावायला हरकत नाही. चालू खटल्याबद्दल वर्तमानपत्राला स्वतःचा फोटो पुरवणे हेही त्याच नियमात निषिद्ध आहे, पत्रकार परिषद घेताना ते ध्यानात असू द्या. फ्लेक्स आज उतरवा, उतरवल्याचा फोटो तारखेसह ठेवा. कार्यकर्त्यांना साधा सदऱ्यातला फोटो द्या. नाही दिला तर ते मोबाईलमधला कुठलाही लावतात.

प्रश्न : सांगलीला विजयनगरच्या कोर्टात दोन-तीन कामे, मिरजेला एक, त्यात पक्षाचे तालुक्याचे पद. रोज कुठेतरी तारीख पुढे ढकलण्याचा मुदत अर्ज द्यावा लागतो. हल्ली न्यायाधीश खर्च बसवू लागले आहेत. वेळ कशी लावायची? (सांगली)

उत्तर : आधी मुदत अर्जाचा मजकूर बदला. 'वकील दुसऱ्या कोर्टात कामात असल्याने' हे वाक्य आपण डोळे मिटून लिहितो, पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 17 नियम 1 मध्ये नेमके तेच कारण मुदतीला चालणार नाही असे लिहिले आहे. सुनावणीदरम्यान एका पक्षाला तीनपेक्षा जास्त मुदती नाहीत हेही तिथेच. वकील आजारी असेल तरी, वेळेत दुसरा वकील नेमणे पक्षकाराला शक्य नव्हते याची न्यायालयाला खात्री पटवावी लागते. पक्षाची बैठक या यादीत कुठेच नाही. खर्च बसला की तो अशिलाच्या खिशातून जातो, आणि अशील गावात सांगतो की साहेब सभेला गेले होते.

डायरीत तारखेपुढे टप्पा लिहा. नुसता दाव्याचा क्रमांक आणि नाव, 'रे. मु. 112, पाटील', असे लिहिले की 14 तारखेला चार कामे आहेत एवढेच कळते. त्यातले एक उलटतपासाचे, एक नि. 5 च्या (तात्पुरत्या मनाईच्या अर्जाच्या) युक्तिवादाचे आणि दोन नुसती समन्स परत येण्याची आहेत हे कळले, तर दिवस किती जड ते दिसते. एका दिवसाला एकच जड काम घ्या. दुसरे पडत असेल तर तारीख देतानाच, कोर्टासमोर उभे असताना, सांगा. तेव्हा मागितलेली वेगळी तारीख फुकट मिळते. त्या दिवशी सकाळी मागितलेली खर्चासह.

पुढची तारीख कारकुनाच्या तोंडून ऐकून घेऊ नका, रोजनामा (त्या दिवसाच्या कामाची कोर्टाची नोंद) वाचा. ती तीन ठिकाणी गेली पाहिजे : डायरी, फाईलचा पुठ्ठा, अशिलाचा फोन. ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये 16 अक्षरांचा सीएनआर क्रमांक टाकून सगळी कामे साठवता येतात, ते करून ठेवाच. पण तिथली नोंद कधीकधी उशिरा होते. दोन्हींत फरक दिसला तर रोजनामा खरा.

वकीलपत्रावर पहिल्यापासून दोन नावे घ्या. ऐनवेळी ज्युनिअरला पाठवायचे तर निदान त्याच्या सहीचे हजेरीपत्रक लागते, त्यात पक्षकारांची नावे, तो कुणातर्फे हजर आहे आणि त्याला कुणी नेमले ते. आणि उलटतपास त्याच्यावर सोपवायचा तर आदल्या रात्री एक पान लिहून द्या : साक्षीदाराला दाखवायचे कागद निशाणी क्रमांकासह, आणि त्याच्याकडून कबूल करून घ्यायच्या चार गोष्टी. आपल्याकडे ज्युनिअरला गाडीत बसता बसता 'सात-बारा दाखव आणि कब्जा विचार' एवढे सांगतात. तो 32 सालचा फेरफार दाखवायचा विसरतो, आणि दावा तिथे फिरतो. नंतर साक्षीदाराला पुन्हा बोलावण्याचा अर्ज द्यावा लागतो आणि तो मंजूर होईलच असे नाही.

मुदतीची कामे वेगळ्या वहीत लिहा, डायरीत ती बुडतात. कैफियत समन्स बजावल्यापासून 30 दिवस, कारण लेखी नोंदवून फार तर 90. एकतर्फा हुकूमनामा रद्द करायचा अर्ज 30 दिवस. गैरहजेरीत निकाली निघालेला दावा पुन्हा फाईलवर घ्यायला 30. कॅव्हेट (आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम करू नये असा अर्ज) 90 दिवसांनी संपते, ते नवे करायचे कुणाच्याच लक्षात राहत नाही. प्रत्येक नोंदीला शेवटच्या दिवसाऐवजी चार दिवस अलीकडची तारीख टाका.

उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचची तारीख आली की तो अख्खा दिवस कोरा ठेवा. सांगलीहून पन्नास किलोमीटरच्या आत असले तरी 'दुपारपर्यंत परत येतो' असे होत नाही, आपल्या कामाची पाळी कधी येईल ते सांगता येत नाही. राहिले पक्षाचे पद. बैठका रात्री सातनंतर आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी लावायच्या हे जिल्हाध्यक्षाला एकदा स्पष्ट सांगा. तो कुरकुरेल, पण त्याच्या जमिनीचा दावाही तुमच्याकडेच असणार.

प्रश्न : ऊसदराच्या आंदोलनात रास्ता रोको झाला. आमच्या तेवीस जणांवर गुन्हा. नेते म्हणतात, सरकार केस मागे घेणार आहे, तारखांना जायची गरज नाही. फी कुणी देत नाही. (वाळवा तालुका)

उत्तर : फीचे तुमचे तुम्ही ठरवा. तारखांचे मात्र नेत्यांच्या शब्दावर सोडू नका. खटला मागे घेण्याचा निर्णय मंत्रालयात झाला तरी तो कोर्टात आपोआप पोचत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 360 खाली सरकारी वकिलाने अर्ज द्यायचा, न्यायालयाने संमती द्यायची, आणि आता पीडिताचे म्हणणे ऐकल्याशिवाय ती देता येत नाही. आरोपींत आजी-माजी आमदार-खासदार असला तर उच्च न्यायालयाची परवानगीही लागते. यात वर्ष सहज जाते. तोवर गैरहजर राहिलेल्या पोराच्या घरी वॉरंट येते, आणि ते नेमके पेरणीत किंवा त्याच्या लग्नाच्या आठवड्यात बजावले जाते. हजर राहणे शक्य नसेल तेव्हा कलम 355 खाली हजेरी माफीचा अर्ज द्या, प्रत्येकाचे कारण वेगळे लिहून. तेवीस नावांखाली 'शेतीकाम' असे एकच कारण टाकलेला अर्ज कोर्टाला आवडत नाही.

अशा प्रकरणात लागणारी भारतीय न्याय संहितेची बहुतेक कलमे जामीनपात्र असतात : बेकायदा जमाव 189(2), रस्ता अडवणे 126(2), मनाई आदेशाचा भंग 223. जामीन हा हक्क आहे, अडते ते जामीनदारावर. एकाच बागायतदाराचा सात-बारा तेवीस जणांना लावायचा बेत असतो. पण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 486 प्रमाणे जामीनदाराला आपण आणखी किती जणांना जामीन आहोत ते कोर्टापुढे जाहीर करावे लागते. चार-पाच जामीनदार आधीच ठरवा. प्रत्येकाचा ताजा सात-बारा, आधार कार्ड आणि दोन फोटो एका प्लास्टिकच्या पिशवीत, वर नाव लिहून. गरीब माणसाला आठवड्यात जामीनदार मिळाला नाही तर तो असमर्थ आहे असे धरून त्याला स्वतःच्या बंधपत्रावर सोडण्याची तरतूद त्याच संहितेच्या कलम 478 मध्ये आहे. ती मागायची राहून जाते.

तुम्ही स्वतः जामीन राहू नका. पोरे आपली असतात, रात्र झालेली असते, मोह होतो. नियम 10 अशिलाला जामीन राहायलाही मनाई करतो आणि 'हा जामीनदार चांगल्या ऐपतीचा आहे' असा दाखला द्यायलाही.

तेवीसपैकी जे पुढे निवडणुकीला उभे राहतील त्यांना हा खटला शपथपत्रात लिहावा लागेल, हेही आजच सांगून ठेवा.

प्रश्न : आमच्या बारने (वकील संघटनेने) कामकाजापासून अलिप्त राहायचा ठराव केला. माझ्या पक्षकाराचा साक्षीदार पुण्याहून रजा काढून आला होता. आत गेलो तर बारमध्ये गद्दार ठरतो. (कराड)

उत्तर : आत जा. हरीश उप्पल प्रकरणात 17 डिसेंबर 2002 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वकिलांना संपाचा वा बहिष्काराचा हक्क नाही. बारच्या प्रतिष्ठेचा, स्वातंत्र्याचा प्रश्न असेल अशा अगदी विरळा प्रसंगी एक दिवस, त्याहून जास्त नाही. निषेध कसा करावा हेही त्यात आहे : दंडाला फीत, पत्रक, कोर्टाच्या आवाराबाहेर शांततेने मोर्चा. त्याआधी 2000 च्या एका निकालात, संपामुळे वकील गैरहजर राहिल्याने पक्षकाराला बसलेला भुर्दंड वकिलाकडून वसूल होऊ शकतो असेही म्हटले आहे.

सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी खंडपीठासाठी किती वर्षे काय काय केले ते आम्हाला ठाऊक आहे, आणि 18 ऑगस्ट 2025 ला कोल्हापुरात सर्किट बेंचचे काम सुरू झाले याचा आनंदही आहे. पण त्या सगळ्या वर्षांतल्या बुडालेल्या तारखांचे बिल कुणी काढले नाही. तुम्ही दंडाला फीत बांधून साक्षीदार तपासा. फारच अवघड वाटले तर साक्षीदार हजर होता एवढी पुरशिस (कोर्टाला लेखी निवेदन) तरी द्या, म्हणजे रोजनाम्यात ते येते आणि त्याचा प्रवासभत्ता मागता येतो.

प्रश्न : आमचे हे वकील, त्यात नगरसेवक व्हायचे डोक्यात. सकाळी सहाला माणसे दारात, चहाचे आधण खाली उतरत नाही. मुलाची दहावी आहे. काही नियम नाही का याला? (मिरज)

उत्तर : बार कौन्सिलचा नाही, पण घरचा करता येईल. वहिनी, पहिली गोष्ट म्हणजे दोन दारे. प्रभागातली माणसे आणि अशील एकाच खोलीत बसतात तोवर कुणाचेच काम होत नाही, आणि अशिलाचे बोलणे चारचौघांत होते. वकील-अशील संवादाला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 चे संरक्षण आहे, पण गटारीची तक्रार घेऊन आलेल्या शेजाऱ्यादेखत झालेल्या बोलण्याला गोपनीय म्हणायचे कसे? साहेबांना हे कारण सांगा. मुलाच्या दहावीपेक्षा ते त्यांना लवकर पटेल.

पाटीवर वेळ लिहा : अशील सायंकाळी साडेसहा ते साडेआठ, प्रभागाची कामे रविवारी सकाळी नऊ ते अकरा. पहिले दोन आठवडे लोक तरीही सहालाच येतील. तेव्हा दार तुम्ही उघडू नका, कारकुनाला उघडू द्या. त्याने नाव, काम आणि फोन वहीत लिहून घ्यावे आणि त्याच दिवशी परत फोन जावा. फोन गेला नाही तर तिसऱ्या आठवड्यात सगळे पुन्हा दारात. चहा फक्त रविवारी.